बिननावाचा खडक

गजानन नाखवांनी मला पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं. ते खोटं मी माझ्या भूगोलाच्या प्रकल्पात काळ्या शाईने काढलं, त्याखाली सरांची सही घेतली, आणि आमच्या विभागाच्या भिंतीवर ते पुढची कितीतरी वर्षं टांगलेलं होतं. अजूनही असेल. नाखवा मात्र आता नाहीत.

मी माणगावकडची. आमचं भातशेतीचं घर. गावातून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे कुठला विषय घ्यावा हे सांगणारंही कुणी नव्हतं. मला नकाशे आवडायचे म्हणून भूगोल घेतला. तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. बाकीच्या मुलामुलींनी आपापल्या गावचे बाजार घेतले, नद्या घेतल्या. मी अलिबागजवळच्या थळ गावासमोरची बेटं घेतली, खांदेरी आणि उंदेरी. सरांनी विचारलं, "पोहता येतं का तुला?" मी म्हटलं, "नाही सर. पण नकाशा काढता येतो."

बेटांवर नेणारा माणूस म्हणून गजानन नाखवांचं नाव कुणीतरी सुचवलं. नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि चालवणारा. मी गेले तेव्हा ते वाळूत उपड्या घातलेल्या होडीला टेकून, समुद्राकडे पाठ करून बसले होते. उन्हाने काळवंडलेला बुटका माणूस, डोक्याला लाल फडकं, डोळे सदा बारीक केलेले. पुढेही किनाऱ्यावर त्यांना मी नेहमी असंच पाठ करून बसलेलं पाहिलं. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "सकालधरनं तोंडाला तोंड लावून असतंव आमी दोगं. जरा येलभर नको काय इसावा?"

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"कनची गो तू?"

"माणगावची."

"म्हंजे डोंगरातली. न दर्या मोजाला आयलीस?"

शेजारीच घराच्या अंगणात त्यांच्या बायकोचं, हिराकाकीचं, बोंबील वाळत घालणं चालू होतं. ती तिथूनच ओरडली, "न्या, न्या! माजं लगीन होऊन पंचवीस वर्सं झाली, मला कदी बोटीत पाय ठेवू दिला न्हाय. न डोंगरातल्या पोरींना फिरवतंय!"

"तू बोटीत आलीस तर मासली भिवून पलंल," नाखवा म्हणाले. मला म्हणाले, "कवा जायाचं?"

मी मोबाइलमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा काढून नेल्या होत्या. मोठ्या तोऱ्यात पुढे धरल्या. त्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत. "तिथी सांग."

मला तिथी ठाऊक नव्हती. हिराकाकीने कॅलेंडर बघून सांगितलं, येत्या रविवारी तृतीया.

"तिनाची पावनपट सव्वादोन. सव्वादोनला भरती. म्हंजे सकाली आठाला सुकती. सातला ये." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि सुकती म्हणजे ओहोटी, हे मला मागाहून कळलं. मग माझ्या मोबाइलकडे हनुवटी करून म्हणाले, "तो काय म्हनतो?"

"दोन वाजून पंचवीस मिनिटं."

"धा मिंटं तुजी. ठेव तुलाच."

हनुवटी केली असं मी म्हटलं, ते उगाच नाही. समुद्राकडे, बेटाकडे, खडकाकडे ते कधीच बोट दाखवायचे नाहीत. बेटावर देव आहे, त्याला बोट दाखवायचं नाही, म्हणून हनुवटीने दाखवायचं. त्यामुळे नाखवा काय दाखवतायत हे कळायला त्यांच्या अगदी मागे, त्यांच्या मानेच्या रेषेत उभं राहावं लागायचं. मी पुढे शिकले ते सगळं असं त्यांच्या मागे उभं राहून.

रविवारी निघालो. माझ्यासोबत वर्गातल्या दोघीजणी होत्या. निघतानाच नाखवांनी ताकीद दिली, "वकाय झालं तर गुपचूप वका. तोंडानं सांगू नका. एकीनं सांगितलं का दुसरीला बी येते." आम्ही तिघीही ओकलो. गुपचूप.

पाणी उतरत होतं, तसतसे खडक डोकी वर काढत होते. नाखवा एकेकाची ओळख करून देत होते, लग्नघरात पाहुण्यांची करून देतात तशी. "ही सासू. पान्याखाली असते, दिसत न्हाय, पन हाय. तिच्या पाठी ती सून. ती उघरी परते, म्हनून लोक शिव्या तिला घालतात. तो न्हावी. जालं गेलं का भादरलंच समज. यो कासव. त्या दोगी जुल्या भयनी. न यो उंदेरीच्या टोकाचा, एकटा." मी वहीत लिहीत होते, होकायंत्राने दिशा घेत होते. सगळ्यांत शेवटी त्यांनी जरा लांब, पश्चिमेकडे हनुवटी केली. "न ती बांगडी. ती उघरी परत न्हाय. तिच्यावं घोल गावते." घोळ हा मोठ्या मोलाचा मासा. मी बांगडी लिहून घेतली. आठ खडक झाले.

खांदेरीला लागताना पाण्यात विस्कटलेले दगड दिसले. मी हात लावायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. दगडांवर कालवं चिकटली होती, सुरीच्या पात्यासारखी. "मुद्दाम टाकलेत," ते म्हणाले. "चोरून उतरनाऱ्याचं पाय फाटावं म्हनून. महाराजांच्या टायमाची गोष्ट. टाकनारं गेलं, ज्यांच्यासाठी टाकलं ते गेलं. कालवं अजून ड्युटीवं हायेत."

तटबंदी दाखवून मी माझं ज्ञान काढलं. दगडांमध्ये चुना नाही, नुसते एकावर एक रचलेत, म्हणून लाट आत शिरते, जोर मोडतो आणि परत जाते. नाखवा ऐकत होते. मग म्हणाले, "हिरी बी अशीच हाय. आपन बोलायचं, ती आत घेते, परत देते. भित काय परत न्हाय."

घरी येऊन नकाशा काढायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सासू, सून, न्हावी, कासव, जुळ्या बहिणी आणि उंदेरीच्या टोकाचा एक, असे सात खडक फूटपट्टी ठेवावी तसे एका रेषेत येत होते. ती रेषा मी किनाऱ्याच्या दिशेने वाढवली, तर ती गावामागच्या डोंगराच्या खाचेत जाऊन बसली. पुढच्या रविवारी मी त्या खाचेत चढले. आमच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला चढण म्हणजे काही काम नव्हे. तिथे बाजूच्या झिजलेल्या, भुसभुशीत दगडात एक वेगळा दगड होता, भरीव, काळा, लाकडं आडवी रचून ठेवावीत तसा. कधीकाळी जमिनीला लांबलचक भेग पडली, तिच्यातून तापलेला रस वर आला आणि तिथेच थिजला. आम्ही हे पुस्तकात वाचलं होतं. तीच भिंत डोंगरातून किनाऱ्याखाली, तिथून समुद्राखाली गेली होती, आणि जिथे जिथे ती वर उरली तिथे तिथे कोळ्यांनी तिला नावं दिली होती. मी खाचेत बसून खाली पाहिलं. ओहोटी होती. सासूच्या जागचा फेस धरून सातही जण रांगेत दिसत होते. माझ्या आयुष्यात मी स्वतः शोधलेली ती पहिली गोष्ट.

पण मग बांगडी बाजूला कशी?

मी थेट नाखवांच्या अंगणात गेले. बोलायचं वळण मला फारसं नाही, मी सरळ म्हटलं, "नाखवा, बांगडी खोटी आहे."

हिराकाकीचा हात थांबला. नाखवांनी डोळे आणखी बारीक केले. मी वाळूत काडीने रेषा काढली, खडक मांडले, खाचेतल्या दगडाचं सांगितलं. ते उकिडवे बसून बघत राहिले. म्हणाले, "आमचा बापूस सांगायचा, यो दांडा म्हंजे डोंगराचा पाय हाय, दर्यात सोरलेला. मला वाटायचं, म्हातारा पिऊन बोलतंय."

"आणि बांगडी?"

मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "बांगडी हाय तिथं निसता चिखल हाय गो. सर्वेवाला आयला होता, त्याला सांगितली. दुसऱ्या वाड्यातल्या नाखवांना सांगितली. कोनी वलखलं न्हाय."

"बरी गावली तुमाला!" हिराकाकी म्हणाली. "मी पंचवीस वर्सं नांदते, माज्या हाताला हे खोटं लागलं न्हाय."

आठवा खडक होता. रेषेवरच होता, पण पाण्याखाली, कधीच न उघडा पडणारा. त्यांच्या आजोबांना सापडलेला. बाकी दर्या रिकामा असला तरी तिथे मासा असायचा. कोळी माणूस अशा जागेची खूण कुणाला सांगत नाही, विचारलं तर खोटी सांगतो, आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो रागावत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "रेषेवर नक्की कुठे?"

"रेघ तुजी, जागा माजी."

"नाव तरी सांगा."

"नाव न्हाय. नाव ठेवलं का लोक इचारतात."

मी सरांना सांगितलं की आठवा खडक चुकला आहे, खोडते. सर म्हणाले, "राहू दे आता, गुण देऊन झालेत."

त्यानंतर मी थळला जातच राहिले. एम.ए. झाले, माणगावला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला लागले, तरी वर्षातून दोन-तीनदा तरी माझी एसटी तिकडे वळायचीच. नाखवांनी मला शिसं टाकायला शिकवलं. लांब दोरीला शिशाचा वजनदार तुकडा, त्याच्या बुडाला खळगा. त्या खळग्यात हिराकाकीचा कपडे धुवायचा साबण चोरून भरायचा आणि दोरी तळापर्यंत सोडायची. वर काढलं की साबणाला तळ चिकटून यायचा, चिखल, वाळू, शिंपांचा चुरा. खडक असेल तर काहीच नाही, साबणावर नुसता ओरखडा. नाखवा ते बोटावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि आपण कुठे आहोत ते डोळे मिटून सांगायचे. मी एवढं शिकून तळाचे नकाशे वाचते. पण तळाचा वास घेणारा माणूस मी एकच पाहिला.

जमिनीवर मात्र त्यांची पार दैना. मला नोकरी लागली तेव्हा ते पापलेटं घेऊन आमच्या घरी यायला निघाले. माणगावच्या एसटी स्टँडपासून आमचं गाव तीन किलोमीटर. माणूस अडीच तास आलाच नाही. मी शोधायला निघाले तर हे शेताच्या बांधावर, दर पन्नास पावलांवर थांबून मागे वळून बघतायत.

"नाखवा, काय करताय?"

"खुना घेतंय. येताना पाठी बघत यावं. जाताना वाट तीच असते, पन तोंड दुसरं असतंय." मग खिन्नपणे चहूकडे पाहून, "तुमच्याकरं खुना न्हाय गो. सगलं जवल जवल."

त्यांचा मुलगा नरेश. तो मांडव्याच्या जेटीवर प्रवासी बोटींवर कामाला होता. दर महिन्याला पगार, अंगावर पांढरा शर्ट. बापाची बोट त्याला नको होती, आणि बापानेही कधी आग्रह केला नाही. एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, "बाबा, त्या खरकावर जाऊन मोबाइलमध्ये एकदा बटन दाबा. जागा कायमची ऱ्हाते. उद्या तुमी नसलात तरी."

"न तुजा मोबाइल कोनी ढापला तर?"

"कोन ढापतंय?"

"मग त्याचा खरक," नाखवा म्हणाले, आणि विषय संपला. नरेश माझ्याकडे बघून खांदे उडवून हसला. मीही हसले. तेव्हा हसायला हरकत नव्हती. नाखवांचे डोळे चांगले होते.

मग मध्ये तीन-चार वर्षं गेली. माझं लग्न, मूल, बदलीची धावपळ. मला थळची आठवण यायची ती भलत्याच वेळी, फळ्यावर किनाऱ्याची रेषा काढताना हात थांबायचा. उद्या जाऊ, सुट्टीत जाऊ. गेले नाही.

एक दिवस नरेशचाच फोन आला. "ताई, बाबांचं डोलं गेलं, तीन वर्सं झाली. काचबिंदू. उजेर-कालोख कलतो, बास." मग म्हणाला, "मी जेटीवरचं काम सोरलं. लहान बोट घेतली. दुसरा शीजन चाललाय न जालं रिकामंच येतं. भायेर मोठ्या बोटी सगलं खरवरून नेतात. मी बाबांना बोललो, आता तरी खरक द्या. तर बोलतात, देतंव. पन खुना बघायच्या कोनी? मला येत न्हाय. बोलतात, डोंगरवालीला बोलव. तिला खाच ठावं हाय."

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

नाखवा वाळूत बसले होते. यावेळी समुद्राकडे तोंड करून. माझा आवाज ऐकून म्हणाले, "आलीस? जाडी झालीस गो. पाय जड परतो तुजा." हिराकाकी माझा हात धरून रडली, आणि लगेच त्यांच्यावर ओरडली, "फरकं नीट बांधा, वाऱ्यानं जाल!"

आम्ही तिघं निघालो. नरेश इंजिनवर, मी मध्ये, नाखवा पुढे, किनाऱ्याकडे चेहरा करून. मला वाटलं होतं ते उदास असतील. ते लग्नाला निघालेल्या माणसासारखे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती जागा खरी सांगायची होती. सारखे ओठ ओले करत होते.

"देवलाचा कलस?"

"दिसतो."

"खाच?"

"कळसाच्या डावीकडे, दोन बोटं."

"नरेश, उजवीकरं घे. आता?"

"एक बोट. अर्धं. आता एकावर एक!"

"ही तुजी रेघ," नाखवा मला म्हणाले. "ऱ्हा हिच्यावं. सरल भायेर चल." बोट रेषेवरून बाहेर चालली. सासू गेली, सून गेली. "आता किनाऱ्यावं पांढरी समाधी हाय. दिसते?"

"दिसते."

"तिच्या वर, डोंगराच्या कण्यावं एकटा आंबा. वाकरा हाय, दक्षनेकं झुकलेला. तो समाधीच्या डोक्यावं चरला का सांग. तिथंच."

एवढं साधं होतं. तीन पिढ्या लपवलेलं, एका वाक्यात मावणारं. मी डोंगराचा कणा बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा. कण्यावर लाल कौलांचे तीन बंगले होते, एकसारखे.

"आंबा नाही, नाखवा."

"नीट बग. एकटाच हाय."

"तिथे बंगले आहेत."

 नाखवांनी इंजिनाच्या आवाजाकडे तोंड केलं. "नरेश. खरं?"

"व्हय बाबा. दोन वर्सं झाली तोरून. प्लॉट पारले तिथं."

"मला सांगितलं न्हाय?"

"तुमी कवा सांगितलं," नरेशचा आवाज चिरकला, "का तो आंबा तुमचा हाय म्हनून?"

मी पाण्याकडे बघत राहिले.  नाखवांनी हवेत हात उचलला, आंबा जिथे असायला हवा त्या बाजूला, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना समुद्रावरून कशाला तरी बोट दाखवताना पाहिलं. बोट बंगल्यांच्या बरंच उजवीकडे गेलं होतं.

मग म्हणाले, "शिसं काढ."

साबण भरला, दोरी सोडली. चिखल. बोट थोडी पुढे. चिखल. पुढे. वाळू, शिंपांचा चुरा. "जवल हाय," ते म्हणाले. पुढे. पुन्हा चिखल. वारा आम्हाला रेषेवरून ढकलायचा, मी ओरडायचे, "कळस सुटला!", नरेश परत आणायचा. दुपार कलेपर्यंत आम्ही तेच करत होतो. खडक केवढा असेल? आमच्या खळ्याएवढा, त्याहून मोठा नाही. भरतीचं पाणी फिरलं, लाटा उठायला लागल्या. नाखवांच्या तळव्यांची सालं निघाली होती. नरेशने हळूच त्यांच्या हातातली दोरी घेतली.

"बाबा, चला आता."

"सगल्यांना खोटी खून दिली," नाखवा म्हणाले, "कोनाला कमी परली न्हाय."  मग नरेशची मूठ चाचपून खेकसले, "दोरी मुठीत नको धरू! बोटावं घे. मुठीला तल कलत न्हाय." नरेशने दोरी बोटावर घेतली. परत येईपर्यंत बाप त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून बसला होता.

त्यानंतर माझं आणि नाखवांचं बोलणं झालं नाही. वर्षाच्या आत ते गेले. खडक सापडला का, हे मी नरेशला विचारलेलं नाही. विचारलं तरी तो मला खरं सांगेल असं नाही, आणि सांगू नयेच.

पण मधे एकदा, ते असताना, मी न कळवता थळला गेले होते. घराला कडी होती. हिराकाकी किनाऱ्यावर भेटली, टोपली उलटी करून तिच्यावर बसलेली. "रोज जातात," म्हणाली. "बाप न लेक. मासली थोरी, भांडान लय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भांडू दे. आधी बोलत बी नव्हतं."

मी तिच्याशेजारी वाळूत बसले. बाकीच्या बोटी निशाणं फडकवत परत येत होत्या. एक लहान बोट तेवढी बाहेर होती, उंदेरीच्या अलीकडे. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते, एक माणूस बसलेला आणि एक उभा, इतकंच. उभा असलेला वाकायचा, बराच वेळ तसाच राहायचा, मग सरळ व्हायचा आणि हातातलं बसलेल्यासमोर धरायचा. दोघांची डोकी जवळ यायची. मग बोट आपल्या लांबीएवढी पुढे सरकायची आणि थांबायची. माझी शेवटची एसटी चुकायची वेळ झाली, तोवर मी मोजत होते. अकरा वेळा थांबली. बाराव्यांदा उभा असलेला माणूस वाकला, तेव्हा मी उठले.